किलोमीटरमागे दहा रुपये

नाशिककरांच्या डोक्यात सायकल शिरली, त्याचं बरंचसं श्रेय दोन डॉक्टर भावांना जातं. हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. असं करणारा हा पहिला भारतीय संघ. संघाचं नाव 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', म्हणजे दमायचं अमेरिकेत आणि उजेड पडायचा इथल्या पाड्यांवरच्या डोळ्यांत. तेव्हापासून आमच्याकडे नुसत्या हौसेनं सायकल चालवणं जरा कमीपणाचं वाटतं. पन्नाशीच्या माणसानं घट्ट चड्डी घालून सातपूरच्या सिग्नलला उभं राहायचं, तर पाठीशी काहीतरी सत्कार्य हवंच!

आमचं सत्कार्य होतं मोखाड्याचं मोतीबिंदू शिबिर; नाशिकहून तिथवर सायकलनं जायचं आणि त्यासाठी पैसे जमवायचे. वर्गणीसाठी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "सायकल न चालवता पैसे देता येत नाहीत का?"

प्रश्न बिनतोड होता. गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायला सराईत सर्जनला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यात माझ्या पोटऱ्यांचं काय काम? पण नुसते पैसे मागितले की हेच काका "बघू" म्हणतात. मी घाटात आडवा पडण्याची शक्यता दिसली, की त्यांचा हात खिशाकडे जातो. दुसऱ्याचं दुःख दूर करायला लोक पैसे देतात, हे अर्धसत्य आहे. शेजाऱ्याचे हाल बघायला जास्त देतात. काकांनी किलोमीटरमागे दहा रुपये कबूल केले. "उताराचे मात्र पाच," असंही बजावलं.

त्र्यंबकेश्वरपर्यंत सगळे शूर होते. अंजनेरीला फोटो झाले, त्र्यंबकला मिसळ झाली, आणि मिसळीनंतर शौर्य ओसरलं. पुढे तोरंगण घाटात उतारच उतार. ब्रेक दाबून बोटं बधिर झाली, तरी मी मनात काकांचे पाच-पाच रुपयेच मोजत होतो. उतरणीवर नागली-वरईची शेतं पिवळी पडत चालली होती. एका वळणावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली बाई थांबली. मला आपादमस्तक न्याहाळून तिनं विचारलं,

"गाडी नाय मिलली का?"

स्वरात खरीखुरी कणव होती. ज्या रस्त्यावर एसटी चुकली की पायी जायचं, तिथे धडधाकट माणूस हौसेनं घाम गाळत मोखाड्याला चाललाय, हे तिला कसं पटावं? मी "नाही मिळाली" म्हणून मोकळा झालो. ते सोपं होतं.

शिबिर शाळेच्या पडवीत होतं. डॉक्टर टॉर्च मारून डोळे तपासत होते, आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावत होते. ऐनवेळी डावं-उजवं व्हायला नको! आम्ही रांगेशेजारून आत शिरलो, तसे एक आजोबा डोळे बारीक करून शेजाऱ्याला म्हणाले, "कोन आलं?"

"डाक्टर असतील."

"कपडे आटले काय त्यांचे?"

मोतीबिंदू पिकला होता म्हणतात. मला शंका आहे.

ऑपरेशनं दुसऱ्या दिवशी नाशकात व्हायची होती. रुग्णांना न्यायला बस आली, तेव्हा तोरंगण घाट आता चढायचा आहे ही गोष्ट सगळ्यांना एकदमच आठवली. कुणाला घरी काम निघालं, कुणाच्या गिअरमधून आवाज येऊ लागला. सायकली टपावर चढल्या, आम्ही मागच्या बाकांवर. येताना पडल्यामुळे माझ्या गुडघ्यावर तीच पांढरी चिकटपट्टी होती. शेजारच्या आजीनं ती पाहिली, बोटानं चाचपली, मग आपल्या कपाळावरची चाचपली.

"तुजा गुडगा काढनार?" तिनं विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधीच खिडकीजवळची जागा मला देऊन टाकली.