अजून थोडं जवळ घ्या!

थंडी पडली की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला दोन प्रकारचे थवे उतरतात: एक रोहित पक्ष्यांचा, दुसरा टेलिलेन्सवाल्यांचा. दुसऱ्यांचे कपडे ठिपक्याठिपक्यांचे हिरवे, म्हणजे पक्ष्यांना दिसू नयेत असे. मग त्याच वेषात सहा जण एका होडीत बसून तारस्वरात आयएसओवर वाद घालतात.

उजनी धरणाच्या उथळ पाण्यात रोहित मान खाली घालून, चोच उलटी बुडवून चिखल गाळत असतात. पण जेवणारा पक्षी फोटोत काय कामाचा? उडायला हवा! ‘दादा, अजून थोडं जवळ घ्या की!’ होडीवाल्या दादांना पोट आहे, ते घेतात. थवा पाण्यावर धावत सुटतो, शटर तडतडतात. हिमालय ओलांडून दमून आलेले पट्टकादंबही बिचारे उठतात. रात्री त्यातलाच एक फोटो ‘निसर्गाशी एकरूप’ अशा ओळीसकट झळकतो, आणि खाली ‘अप्रतिम, सर!’चा पाऊस.

सर, सहाशे मिलिमीटरची लेन्स लांबून फोटो काढण्यासाठीच बनवलेली असते. एवढे पैसे मोजलेच आहेत, तर लांबच थांबा.