केळी, फोटो आणि अंगठा

साहेबांचा वाढदिवस उजाडला की केळी दोन ठिकाणी पोचतात: ग्रामीण रुग्णालय आणि वृद्धाश्रम. रुग्ण निदान कुशीवर वळू शकतो. आश्रमातला बुढा वळला, तर फोटोवाला हाक मारतो, "बाबा, इकडं बघा!" पोरानं घराबाहेर काढलं हे गावात कळू नये म्हणून जो माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन राहिला, त्याचा चेहरा सकाळच्या पेपरात केळ्यासकट. त्याला विचारलं कोणी? छे! आश्रमाला देणगी हवी, साहेबाला पुण्य हवं आणि बुढ्याला मान हवा. यातलं शेवटचं पावतीवर बसत नाही.

कायदा मात्र आहे, ज्येष्ठ नागरिकांसाठीचा, २००७ चा. कलम १९ म्हणतं, जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, निराधार अशा किमान १५० ज्येष्ठांसाठी. राज्याला मुभा, सक्ती नाही. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी असा एक आश्रम निघाला, तरी झरी जामणी तालुक्यात कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोडावर राहणाऱ्या बुढीनं काय करायचं? शंभरेक किलोमीटरवर जाऊन दीडशे अनोळखी माणसांत बसायचं आणि कोलामीत बोलायचं कोणाशी? भिंतीशी? वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा देशभर लागू करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं. २०२४ मध्ये ती लोकसभाच संपली, तेही संपलं. लोकसभेच्या आश्रमात वयोवृद्ध होऊन गेलं म्हणायचं.

राहता राहिलं घर. पोरगा सांभाळत नसेल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करा, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, वकील लागत नाही. झकास. फक्त ते अधिकारी बुढीच्या तालुक्याबाहेर बसतात, आणि पोरगा स्वतःच कापूस वेचायला दुसऱ्याच्या वावरात जातो. त्याच्याकडून दहा हजार काढायला न्यायाधिकरण नाही, जादूगार लागेल.

मग निराधारचा पगार, म्हणजे श्रावणबाळसारख्या योजनेचं अनुदान. महिना १५००. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. एवढ्यात अख्खं घर चालतं असा दाखला तहसीलमधून आणायचा! वयाचाही घोळ बघा. कायद्यात साठीला ज्येष्ठ, श्रावणबाळ योजनेत पासष्टीला, एसटीत फुकट बसायचं तर पंचाहत्तरीला. म्हातारपण एकच, शासनाला ते हप्त्यानं पटतं.

पटलं तरी पैसे काढताना अंगठा उमटायला हवा. आयुष्यभर निंदण-वेचणी करून झिजलेल्या बोटांना मशीन ओळखत नाही. वर हयातीचा दाखला. बुढी समोर उभी आहे, बोलते आहे, खोकते आहे. पण ती जिवंत आहे हे कागदानं सांगायचं. फोटो काढायला आश्रमापर्यंत गाड्या जातात. दाखला घ्यायला पोडापर्यंत एक माणूस येत नाही.

साहेब, पुढच्या वाढदिवसाला केळी आणाच, आमची ना नाही. फक्त येताना ते अंगठ्याचं मशीन आणि दाखला लिहिणारा कारकून गाडीत घालून पोडावर या. फोटो बुढी काढेल, तुमचा. तुम्हाला विचारून.