ताकद की अ‍ॅव्हरेज : हॅरोहून आप्पांस



मोटरसायकल ताकदीची घ्यावी की अ‍ॅव्हरेजची, हे शोरूममध्ये ठरत नाही, रोजच्या रस्त्यावर ठरते. लंडनमधल्या हॅरोचा रोजचा रस्ता असा : घराच्या गल्लीत ताशी २० मैलांची मर्यादा, पुढे मोठ्या रस्त्याला ३०, आणि सकाळी साडेआठला यांपैकी काहीच नाही, कारण पुढे डबलडेकर बस असते. कॅमेरे जागोजागी आहेत आणि त्यांच्याशी ओळख काढता येत नाही. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी एवढा वेग मिळाला तर पेढे वाटावे लागतील. इथे ती कायद्याची कमाल मर्यादा आहे.

आता या वेगाला ताकद किती लागते ते पाहावे. सपाट रस्त्यावर, एकटा स्वार असताना, मोटरसायकल ताशी ५० किलोमीटरने चालती ठेवायला चाकाशी साधारण दोन हॉर्सपॉवर पुरतात. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाच्या. त्यामुळे वेग दुप्पट केला की दोनाचे चार होत नाहीत. शंभराला दहा-अकरा हॉर्सपॉवर लागतात आणि मोटरवेच्या ७० मैलांना, म्हणजे ११२ किलोमीटरला, पंधराच्या आसपास. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीतले नव्याण्णव हॅरोच्या गल्लीत बिनकामाचे बसून असतात, हप्ता मात्र शंभरांचा जातो.

तरी दोन हॉर्सपॉवरची गाडी कोणी विकत नाही, याचे कारण पिकअप. सिग्नल सुटल्यावर मागच्या व्हॅनच्या पुढे राहणे, चढ, मागे बसलेले माणूस आणि वेंबलीच्या ईलिंग रोडवरून आणलेली दहा किलो कणकेची पिशवी, ही सगळी कामे शिल्लक ताकदीवर चालतात. शिल्लक हवीच, प्रश्न किती हवी एवढाच.

शिल्लक जास्त झाली की पेट्रोल जळते, आणि ते का जळते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद थ्रॉटलने, म्हणजे आत जाणारी हवा अडवून, कमी केली जाते. मोठे इंजिन हळू चालवायचे तर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढण्यातच मेहनत करावी लागते. त्यात चार सिलिंडर असतील तर घासणारे भागही चौपट. दोन कप चहासाठी लग्नातला भट्टीचा शेगडा पेटवला, तर चहा होतो, पण गॅस कुठे गेला हे विचारायचे नसते. उलट लहान इंजिन त्याच वेगाला बऱ्यापैकी मोकळ्या थ्रॉटलवर चालते, म्हणून ते काटकसरी. मात्र त्याच लहान इंजिनाला मोटरवेवर पिळून काढले, तर त्याची काटकसरही संपते.

दुसरी गोष्ट टॉर्कची. माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापतात तो कमाल हॉर्सपॉवरचा आकडा, आणि तो इंजिन पूर्ण ओरडत असतानाचा असतो. होंडाची सीबीआर ६००आरआर सुमारे १२० हॉर्सपॉवर देते, पण १४,००० आरपीएमच्या पुढे. तिथपर्यंत सुई नेली तर ३०च्या रस्त्यावर लायसन्स पहिल्या गिअरमध्येच जाते. त्याच कंपनीची एनसी७५०एक्स इंजिनाने थोरली, ७४५ सीसीची. पण तिची सारी ५८ हॉर्सपॉवर पावणेसात हजार आरपीएमलाच उरकते, आणि ओढ त्याआधीच, पाच हजारांच्या आत, पुरी मिळते. लिटरला २८ किलोमीटरच्या आसपास असा कंपनीचा दावा आहे. थोडक्यात सीसी पाहून अ‍ॅव्हरेज सांगू नये. सिग्नलवरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता उचलते का, हे टेस्ट राइडला पाहावे. तीन हजार आरपीएमला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर चेन खडखडली आणि हँडल थरथरले, तर ती गाडी शहरात सारखी गिअर मागणार, आणि मागे बसलेली आप्पांची सूनबाई सारखी कारण विचारणार.

आप्पांच्या पत्रातला प्रश्न एकाच ओळीचा होता : "देते किती?" उत्तर द्यायला थोडी आकडेमोड लागते, कारण या देशात पेट्रोल लिटरने विकतात, रस्ता मैलांनी मोजतात आणि अ‍ॅव्हरेज गॅलनला मैलांत सांगतात. तो गॅलनही अमेरिकेचा नाही, साडेचार लिटरचा इथला स्वतंत्र. गॅलनच्या आकड्याला २.८२ने भागले की आप्पांना पटेल असा आकडा येतो. त्या हिशेबाने होंडा सीबी१२५एफ लिटरला ६६ किलोमीटर देते असे कंपनी म्हणते; रस्त्यावर ६० धरावेत. ट्रायम्फची स्पीड ४०० अठ्ठावीसच्या घरात. लिटरभर इंजिनाची चार सिलिंडरची स्पोर्ट्स गाडी सोळा-सतरा दिले तर उपकार.

मग हिशेब. वर्षाला ६,००० किलोमीटर आणि लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले, तर १२५ला वर्षाचे १४० पौंड पेट्रोल लागते, ४००ला ३०० आणि त्या चार सिलिंडरवालीला सव्वापाचशे. पहिल्या दोघींतला फरक आठवड्याला तीन पौंड. तेवढ्यात लंडनमध्ये एक कॉफी येते. काही ठिकाणी तीही येत नाही. अ‍ॅव्हरेजचा मुद्दा पुण्यात जितका जड वाटतो तितका इथे वाटत नाही, तो यामुळे.

जड पडतात बाकीचे खर्च. विमा कंपनी आधी पिनकोड विचारते, मग गाडी रात्री कुठे उभी असते ते विचारते आणि मग असा आकडा सांगते, की गाडी रात्री कपाटात ठेवावी असे वाटते. मोटरसायकलचा वार्षिक कर सीसीवर आहे. ६०० सीसीच्या वरच्या गाडीला १५० सीसीपर्यंतच्या गाडीच्या चौपटीहून अधिक कर पडतो. ताकदवान गाडीचा मागचा रुंद, मऊ टायर दहा हजार किलोमीटरच्या आतच गुळगुळीत होतो, आणि त्याची किंमत १२५च्या टायरच्या कितीतरी वर असते. चोरीच्या भीतीने घ्यावी लागणारी साखळी इतकी वजनदार असते, की ती गाडीवर नेली तर पिकअपवर परिणाम व्हावा.

अ‍ॅव्हरेज खाणारी आणखी दोन कारणे इंजिनाच्या बाहेरची आहेत. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागते. जानेवारीत चार-पाच किलोमीटरच्या फेरीत ते तापते न तापते तोच घर येते. आणि सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने किंचित फरक पडतो. भारतात वीस टक्के आल्यामुळे या विषयावर आप्पांना अधिक सांगण्याची गरज नाही.

लायसन्सचाही ताकदीशी संबंध आहे. पुण्याचे लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालते, पुढे इथली परीक्षा. ए१ वर्गाला ११ किलोवॉटपर्यंत, म्हणजे १५ हॉर्सपॉवर. ए२ला ३५ किलोवॉट, म्हणजे ४७. चोविशी गाठलेल्याला थेट मोकळे मैदान. लाल 'एल'ची पाटी लावून १२५ चालवणाऱ्याला मोटरवेवर जाता येत नाही आणि मागे कोणाला बसवताही येत नाही. हे दुसरे कलम सूनबाईंना पसंत पडले होते.

घरात तीन पक्ष होते : नातू ताकदीचा, सूनबाई मोटारीच्या, मुलगा अपक्ष. निकाल रविवारच्या रस्त्याने दिला. मिल्टन कीन्सला ताईकडे जायचे तर एम१ मोटरवे आहे, आणि ११ हॉर्सपॉवरची १२५ दोन माणसे घेऊन तिथे ट्रकच्या पुढे राहू शकत नाही. ताशी ७० मैल शांतपणे चालवून वर थोडी शिल्लक उरायला तीस ते पन्नास हॉर्सपॉवर पुष्कळ. त्याच्या पुढची ताकद कॅमेऱ्यांच्या सेवेत जाते. ज्याला मोटरवे लागतच नाही, त्याने १२५ घ्यावी आणि वाद बंद करावा. हॅरोच्या बिऱ्हाडाने चाळीस हॉर्सपॉवरच्या स्पीड ४००वर शिक्का मारला. ट्रायम्फ कंपनी लेस्टरशरमधल्या हिंकलीची, गाडीचे अनावरण २०२३ साली लंडनला झाले, आणि ती तयार होते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात.

म्हणून चाकणला ओळख काढून एखादी स्वस्तात परस्पर पाठवण्याची खटपट आप्पांनी करू नये. जहाजभाडे, आयातीचे कर आणि इथली मान्यता धरता ती शोरूमपेक्षा महाग पडेल. हेल्मेट इथे १९७३पासून सक्तीचे आहे आणि ते डोक्यातच घालावे लागते, हँडलला अडकवून चालत नाही, एवढे आईला जरूर सांगावे.

 

हॅरोचे बिऱ्हाड