ओळ पुसणाऱ्या विद्वानास

श्रीमान,

लिनक्स ड्रायव्हरमधली एक ओळ आपण ‘निरुपयोगी’ म्हणून पुसलीत. एसएमपी_एमबी__बिफोर_ॲटॉमिक(). कर्नलकारांनी 2014 साली एवढं लांबलचक नाव ठेवलं ते बहुधा शोभेसाठी! खालचा सेट_बिट() ॲटॉमिक आहेच, मग वर हा पहारेकरी कशाला, हा आपला युक्तिवाद. लॅपटॉपवर चाचणीही घेतलीत. काही बिघडलं नाही.

बिघडणार कसं? एक्स८६वर सेट_बिट लॉक लावून चालतो आणि ते लॉकच पूर्ण बॅरिअरचं, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखण्याचं, काम करतं. त्या ओळीतून प्रोसेसरसाठी एकही सूचना निघत नाही. घरात बसून पाऊस नाही म्हणालात, झालं. आपला ड्रायव्हर मात्र 64 बिटांच्या आर्मवर चालतो. तिथं त्याच ओळीची डीएमबी ही खरीखुरी सूचना होते.

ॲटॉमिक म्हणजे ते बिट अर्धवट बदललेलं कुणाला दिसणार नाही, आणि शेजारच्या बिटावर कुणी केलेला बदल पुसला जाणार नाही. इतकंच. आधी भरलेला बफर दुसऱ्या कोअरला आधीच दिसेल, असा शब्द सेट_बिटनं कधी दिलेला नाही. जुनी किंमत परत करणारा टेस्ट_अँड_सेट_बिट तो देतो. सेट_बिट काहीच परत करत नाही, म्हणून देतही नाही. परिणामी पंगतीत ‘पानं वाढली’ अशी हाळी गेली, मंडळी बसली, आणि पानात कालचं वरण.

तो दोष पकडायला माझ्या तीन रात्री गेल्या. मध्ये नोंद छापणारा प्रिंटके टाकला की दोष लाजून पळे. काढला की हजर.

त्यावर आपला उपाय काय, तर सेट_बिटच्या खाली आफ्टर_ॲटॉमिक. वरातीमागून घोडं! बफर आणि खुणेचं बिट यांच्यामध्ये कुणी उभं राहायला हवं होतं, दोघांच्या मागे नव्हे. वाचणाऱ्या बाजूचा जोडीदार बॅरिअर एसएमपी_आरएमबी() तोवर एका हातानं टाळी वाजवत होता.

एक कबुली. ती ओळ मूळ माझीच. टिप्पणीशिवाय बॅरिअर दिसला की कर्नलचा कोड तपासणारं चेकपॅच हटकतं. मलाही हटकलं होतं, मी कानाडोळा केला.

ओळ परत टाकली आहे. या खेपेस तिच्यावर चार ओळींची टिप्पणी आहे. तिच्यात आपलं नाव घातलेलं नाही.

आपला,
वरणाचा वाटेकरी