विमानकालमीमांसा : प्रथम अधिकरण

दोन विमानतळांमधील अंतर आणि ते कापण्यास लागणारा काल यांचा संबंध गणितज्ञांनी एका भागाकारात उरकला व एक संपूर्ण शास्त्र जन्मापूर्वीच खुंटले. मुंबई–दिल्ली या दृष्टांताच्या आधारे त्याची येथे स्थापना केली आहे.

प्रथम अंतर. पृथ्वी गोल असल्याने लघुतम मार्ग बृहद्वृत्ताच्या कंसावरून जातो. या मापाने हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. यास 'शुद्धांतर' म्हणावे. विमान नेमलेल्या हवाईमार्गांनी वळसे घेत जाते; ते 'वक्रांतर'. अंतराविषयी इतके पुरे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने शुद्धांतर दीड तासाच्या आत संपते. वेळापत्रक मात्र दोन तासांहून अधिक सांगते. हा अवशिष्ट काल कोठे जातो, हा शास्त्राचा मूलप्रश्न होय. त्यासाठी कालाचे चतुर्विध वर्गीकरण अपरिहार्य ठरते.

१. ठोकळाकाल : चाकांना लावलेले ठोकळे निघून विमान हलल्यापासून ते गंतव्य तळावर पुन्हा लागेपर्यंतचा. वेळापत्रकात छापतात तो हाच.

२. नभकाल : चाके भूमी सोडून पुन्हा भूमीला टेकेपर्यंतचा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हे सुमारे २.७ किलोमीटरचे उड्डाण जेमतेम दोन मिनिटांचे आहे. तेथे नभकालाचे निद्रादी उपप्रकार संभवत नाहीत.

३. प्रदक्षिणाकाल : उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रायः एकीचाच उपयोग होतो आणि रांग आकाशात लागते. तीच खाडी तिसऱ्यांदा दिसली की हा काल सिद्ध झाला असे समजावे.

४. उत्थानकाल : विमान थांबल्यापासून दार उघडेपर्यंतचा. या कालात सर्व प्रवासी उभे राहतात व कोणीही पुढे सरकत नाही. आसनभेदाने याचे तीन उपभेद होतात. मार्गिकास्थ पुरुष ताठ उभा राहून बॅग कवटाळतो, हा उत्तम. मध्यस्थ अर्धा उठून समोरच्या आसनाचा आधार घेतो; हा मध्यम. गवाक्षस्थ मान वाकडी करून वरच्या कप्प्याखाली तिष्ठतो आणि तशाच अवस्थेत "उतरलो, उतरलो" असे दूरध्वनीवर सांगतो. हे विधान असत्य असले तरी परंपरेने ग्राह्य मानतात.

प्रवास नेमका कधी संपतो याविषयी तीन संप्रदाय आहेत. नभवादी चाके टेकताच तो संपला मानतात. यांच्यापाशी केवळ हातातील सामान असते. पट्टावादी बॅग फिरत्या पट्ट्यावर दिसेपर्यंत थांबतात. उंबरठावादी मात्र घराचे कुलूप लावल्यापासून यजमानाच्या दारावरील घंटेपर्यंत सर्व काल मोजतात व विमानप्रवासास वेगवान मानण्यासच नकार देतात.

प्रस्तुत लेखकाचा कौल पट्टावाद्यांना आहे. सबब न्यायला येणाऱ्या आप्तांना छापील वेळ सांगू नये. बॅग हाती आल्यावरच त्यांना घरातून निघण्यास सांगावे.