पोरगं विंगला खेळतंय, कॉलेज कुठलं बघू?

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या परड्याच्या भिंतीवर रोज एक नवं माहितीपत्रक येऊन पडायला लागलं. वैनींचं पोरगं पेठेच्या तालमीकडून खेळतं, राइट विंगला. डावा पाय अजून नुसता उभं राहायला वापरतं, पण पळतं झकास. त्याला म्हणे फुटबॉल सोडायचं नाही आणि शिकायचंय ते ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’.

“अण्णा, तुम्ही खेळलाय, बँकेत नोकरी केलाय. हे मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय करायचं असतंय?” वैनींनी धुतलेले स्टॉकिंग पिळत विचारलं.

“मॅच खेळणारा दिसतो, वैनी. मॅच लावणारा दिसत नाही. ते न दिसणारं काम.”

“मग ते आमचं पोरगं करतंयच की! शाहू स्टेडियमला मॅच असली की जर्सी ह्यानं मोजायच्या, ते आफ्रिकेचे खेळाडू आणलेत त्यांच्या खोलीवर डबा ह्यानं पोचवायचा, बक्षिसाच्या वर्गणीला ह्यानं हिंडायचं. सकाळी शिवी खाऊन येतंय, संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन पुन्हा जातंय. त्याला वर आणि लाखांत फी कशाला?”

खरं तर कोल्हापुरात ह्या प्रश्नावर एखादं चर्चासत्र भरवायला हरकत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल ह्या तालमी आणि मंडळांनी एमबीए न करता इतकी वर्षं टीम चालवल्या. पैसा उभा केला, खेळाडू बाहेरून आणले, गॅलरी भरवली, आणि गॅलरीतली भांडणं पोलिसांत जाऊन मिटवलीसुद्धा. पण हे वैनींना सांगितलं तर त्या पोराला उद्यापासून तालमीतच बसवतील, म्हणून मी भाच्यावर गेलो.

माझा भाचा मुंबईत ह्याच धंद्यात आहे. लोकांना वाटतं, खेळाडूंच्या खांद्यावर हात टाकून हिंडत असेल. प्रत्यक्षात मॅचच्या आदल्या रात्री पाहुण्या टीमच्या बसचा ड्रायव्हर फोन उचलत नाही, हॉटेलात दोन खोल्या कमी पडतात, स्पॉन्सरचा बोर्ड कॅमेऱ्यासमोर हवा तिथं नाही, अॅम्ब्युलन्स आली का, पोलिस परवानगीचा कागद कुणाकडं, हे सगळं ह्याच्या डोक्यावर. टीव्हीवर गोल होतो तेव्हा हा गेटवर कुणाच्यातरी मेहुण्याला ‘पास संपले’ म्हणून समजावत असतो. गेल्या काही वर्षांत त्यानं एकही मॅच पूर्ण बघितलेली नाही.

“अगंबाई! आणि पोरगं म्हणतंय, खेळाच्या जवळ राहता येतंय म्हणून करणार.”

“जवळ राहतोच की. पाठ करून उभा असतो, एवढंच.”

वैनींनी दोरीवर जर्सी टाकली आणि पदराखालचं चकचकीत पत्रक पुढं केलं. “हे मुंबईचं. आणि ह्यात क्रिकेटवाला कोण तो?”

मुंबईची ती संस्था नीलेश कुलकर्णींनी 2010 साली काढली. आपल्या लोकांना नाव आठवायला वेळ लागतो, पण किस्सा सांगितला की लगेच पेटतात. 1997 साली कोलंबोत ह्या गड्यानं कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट काढली. पुढं श्रीलंकेनं 952 धावा केल्या आणि ह्याला त्या डावात दुसरी विकेट मिळालीच नाही.

“म्हणूनच खेळानंतर काय करायचं ते लवकर सुचलं असणार,” वैनी म्हणाल्या. बाईंना क्रिकेट कळत नाही, पण माणूस कळतो.

बारावीनंतर लगेच पदवीला घेणारी अशी ठिकाणं आहेत. पण नावाजलेले बरेचसे अभ्यासक्रम पदवीनंतरचे: पुण्यात सिम्बायोसिसचं एमबीए, कोलकात्यात आयआयएसडब्ल्यूबीएमचा पदविका कोर्स. लंडनला तर वेम्ब्ली स्टेडियमातच फुटबॉलचा धंदा शिकवणारं कॉलेज आहे. हे मी मुद्दाम हळू आवाजात सांगितलं, कारण पोरगं आत भाकरी खात होतं.

“म्हणजे आत्ता साधं बी.कॉम. केलं तरी चालतंय?”

“चालतंय नाही, बरंच आहे. हिशेब येत नसेल तर क्लबात पहिल्या महिन्यात फसवतात.”

आणि क्लबांचं काय सांगावं! मी वैनींना पुण्याची गोष्ट सांगितली. पुणे एफसी आयलीगमध्ये चांगली टीम होती, बंद झाली. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन आयलीग खेळून 2017 ला बाहेर पडली. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये होती, ती 2019 ला आटोपली आणि तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं 2022 ला आयएसएल जिंकलीसुद्धा. मग 2025 मध्ये तो क्लबही उठून दिल्लीला गेला, नावही बदललं. बदलीच्या नोकरीतल्या तहसीलदारासारखा क्लब हिंडतोय. आणि त्याच 2025 च्या जुलैत फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला, पुढचं ठरेना, म्हणून आख्खी आयएसएलच थांबवून ठेवली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. खेळाडूचे रोखले, तिथं पास वाटणाऱ्या पोराला कोण विचारतो?

“मग हे शिकू नको म्हणता?”

“शिकू दे. फक्त फुटबॉल क्लबातच नोकरी मिळणार, हे डोक्यातून काढायला सांगा. कबड्डीची लीग, मॅरेथॉन, शाळांची मैदानं, अकादम्या, बूट-जर्सीच्या कंपन्या. भाचा स्वतः पोट भरतो ते मॅरेथॉनवर.”

खेळायचं मात्र वेगळं आहे, आणि तिथं वैनींची समजूत घालताना मला जरा कठोर व्हावं लागलं. आपला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा आख्ख्या कोल्हापूरनं कॉलर ताठ केली. पण तो लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला गेलेला होता. मोठ्या क्लबांच्या अकादम्या पोरं बारावीच्या कितीतरी आधी उचलतात. अठराव्या वर्षी पेठेत खेळणाऱ्याला कॉलेजमुळं आयएसएलचं दार उघडेल, असं कुणी सांगत असेल तर तो फी घेणारा आहे.

“मग कॉलेजचा उपयोग काय?”

“विद्यापीठाच्या टीमची जर्सी.”

कॉलेजकडून झोनल खेळायचं, तिथून विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथं टिकले तर अखिल भारतीय, आणि अगदी वर आलेल्या विद्यापीठांना खेलो इंडिया. शिवाजी विद्यापीठात तीनच जिल्हे, पण कोल्हापूरची पोरं एवढी की निवड सोपी नाही. पुण्या-मुंबईला गेलं तर गर्दी आणखी, शिवाय तालीम तुटते. विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणि त्यावरचं पदक ह्याला नोकरीच्या अर्जात वजन असतं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. पण कुठली स्पर्धा धरतात, कुठली नाही, ते आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन वाचायचं. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावल्यावर नाही.

आमच्या वेळी कंपन्यांच्या टीम होत्या, खेळाडूला नोकरी लागायची आणि तो चाळिशीपर्यंत फुटबॉल किट घेऊन ऑफिसला जायचा. मुंबईची महिंद्रा युनायटेड 2010 ला बंद झाली तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. असो.

“आता कॉलेजात जाऊन विचारू काय, ते सांगा,” वैनी मुद्द्यावर आल्या.

“इमारत बघू नका. दुपारी चारला मैदानावर जा. पोरं खेळतायत का, की मांडव पडलाय? कोच रोज येतो, की स्पर्धेच्या आठवड्यात तालमीतनं उसना आणतात? पंच्याहत्तर टक्के हजेरीत स्पर्धेचे दिवस धरतात का, आणि परीक्षा मॅचच्या दिवशी आली तर काय? हे प्राचार्यांना नको, सेकंड इयरच्या गोलकीपरला विचारा. बाकावर बसून त्यानं सगळं बघितलेलं असतंय.”

“आणि डोकं फिरून गुडघा मोडून घेतला तर?”

“म्हणून तर बी.कॉम. आणि अठरा पूर्ण झाली की कोचिंगचं डी लायसन्स. नाहीतर रेफ्री.”

“रेफ्री नको बाई!” वैनी एकदम ओरडल्या. “आपल्या पेठेत राहायचंय मला. आईबापाचा उद्धार रोज गॅलरीतनं ऐकायला लागंल.”

आतनं पोरगं हात पुसत बाहेर आलं. त्यानं म्हणे आधीच एक कॉलेज ठरवलंय, बी.कॉम.चंच, मैदान मोठं, आणि तालमीतले चौघे तिथं आहेत. आमचं अर्ध्या तासाचं बोलणं वाया.

“सोमवारी मी बघून येतो,” वैनींनी जाहीर केलं. “अण्णा, तुम्हीबी चला. जिमखान्याचे सर तुमच्या ओळखीचे असतील.”

“ओळखीचे आहेत. ते समोरच्या तालमीचे. फायनलला मी त्यांना गॅलरीतनं काय म्हटलं होतं, ते अजून विसरले नसतील.”

“मग तुम्ही गेटवरच थांबा,” वैनी म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलून आत गेल्या.