आधी साखर, मग गोरसपाक

टोरोंटो, १२ एप्रिल

ती. आई-बाबांस,

धाकट्याच्या लग्नाची पत्रिका मिळाली. वैशाख, वर्धा आणि दुपारी साडेबाराचा मुहूर्त! या उन्हात जो येईल तो सख्खाच, हे व्याह्यांनी बरोबर हेरलंय. आम्ही येतोय. छकुली, तिची इन्सुलिनची पेनं आणि दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर, सगळी वरात येतेय. आई, हे पत्र मुद्दाम तुला, कारण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणतेस.

आधी आकड्यांचं. ग्रुपवर मी "छकुली ६" लिहिलं आणि तू देव पाण्यात घातलेस. अगं, इकडे साखर वेगळ्या मापात मोजतात. आमच्या आकड्याला १८ने गुणलं की तुमचा आकडा येतो. ६ म्हणजे १०८, अगदी झकास. बाबांनी त्यावर "माझी १८०, नातीची ६, घरात अजून मीच पुढे" असं ठोकून दिलं. त्यांना सांग, त्यांचे १८० म्हणजे आमचे १०, आणि या शर्यतीत पुढे जाणाऱ्याला बक्षीस नसतं.

शिवाय दोघांचे मधुमेह आडनावबंधू आहेत, भाऊ नव्हेत. बाबांचं शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरेसं लागू पडत नाही. छकुलीच्या शरीराने मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकल्या. त्यात चॉकलेटचा दोष नाही आणि माझ्या डोहाळ्यांचाही नाही. लग्नात कुणी मावशी तसं म्हणालीच, तर उत्तर तू दे. मला आहेर घ्यायचाय. विजयसाराचा पेला, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, यांपैकी काहीही इन्सुलिनच्या जागी चालत नाही. याच टोरोंटोत जानेवारी १९२२मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा पोरांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच इलाज होता. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. तो डॉलर वाटेत कुठे एवढा मोठा झाला, ते औषधवाल्यांना ठाऊक.

खाण्याचं म्हणशील तर ती सगळं खाते, फक्त मोजून. सांबारवडी, वडाभात, पुरणपोळी, काही वर्ज्य नाही. घरच्या लहान पोळीत साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं धरतो, त्या हिशेबाने इन्सुलिन. तुझी मटक्यावरची लांब पोळी मात्र इथल्या कुठल्याच तक्त्यात नाही. आहारतज्ज्ञ बाईंना मी हात पसरून आकार दाखवला, तर त्यांना वाटलं मी पलंगपोस सांगतेय. म्हणून स्वयंपाकाचा काटा सोबत आणतेय. आणि "गूळ तर चालतो ना?" याचं उत्तर नाही असंच आहे. गूळ-ग्रामोद्योगाच्या मगनवाडीच्या गावाला हे लिहायला हात धजत नाही, पण रक्तात उतरल्यावर गूळही साखरच.

पंगतीची मला खरी धास्ती आहे. सुई जेवणाच्या जरा आधी घ्यायची असते. पण आपल्याकडे "पानं वाढली" म्हणजे अजून मुहूर्त टळायचाय, फोटो व्हायचेत आणि नवरदेवाचे मित्र यायचेत. इन्सुलिन काही त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. आणि कुणी "खाऊ द्या जी पोरीले, एका जिलबीनं का होते" म्हणत वाढलंच, तर मला हाक मार. त्या जिलबीचं इन्सुलिन वेगळं.

आता लो, म्हणजे साखर उतरणं. तुमच्या मापात ती ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, ओठ पांढरे पडतात आणि पोरगी विनाकारण भांडते. आपल्या घराण्यात हे शेवटचं लक्षण ओळखणं अवघड, तेव्हा आधी बोट टोचून पाहायचं. मग चहाचे दोन चमचे साखर, म्हणजे तिच्या वजनाला लागते तेवढी १० ग्रॅम, अर्धा कप पाण्यात ढवळून द्यायची. १५ मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचायचं. अजून कमीच असेल तर पुन्हा साखर. त्या १५ मिनिटांत तुझा जीव खालीवर होईल आणि हात गोरसपाकाच्या डब्याकडे जाईल. तो आवर. त्या तुपातल्या बिस्किटातली साखर रक्तात पोचायला वेळ लावते. पेढा, बर्फी, चॉकलेट सगळ्यांची तीच गत. आकडा वर आला आणि जेवणाला अवकाश असला, की मग गोरसपाक. आधी दिला तर काम चुकवतो, नंतर दिला तर चोख करतो.

रात्री तीनला इथे हे रोजचं नाही, पण नवंही नाही. सेन्सर कोकलतो. तुमचे जावई अंधारात ज्यूसची नळी तिच्या ओठांना लावतात, ती डोळे न उघडता ओढते. पंधरा मिनिटांनी जावई बसल्या बसल्या घोरत असतात आणि ती विचारते, "आता परत दात घासायचे का?" तुमच्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा. आमचे फोन भलत्या वेळी येतात ते त्यामुळेच.

वरातीत ती डीजेपुढे नाचणार. नाचल्यावर लगेचच असं नाही, कधीकधी मध्यरात्रीही साखर उतरते. त्या रात्री ती माझ्याजवळच झोपेल. आणि कधी शुद्ध हरपलीच, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीही नाही. नाकाला कांदा लावणाऱ्या काकांना दोन हात लांब ठेव. कुशीवर वळवायचं, माझ्या पर्समधली पिवळी नळी नाकात दाबायची (ते ग्लुकागॉन) आणि सेवाग्राम किंवा सावंगी, जवळ पडेल तो दवाखाना गाठायचा. असं आजवर झालेलं नाही, पण तुला माहीत हवं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की वाया. इथे जानेवारीत ते गोठू नये म्हणून कोटाच्या आत जपतो, तुमच्याकडे उकडू नये म्हणून जपायचं. लाइट गेले तर कोरड्या डबीत घालून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. मडकं बाबांच्या ताब्यात दे, म्हणजे त्यांना आकडे सोडून दुसरा उद्योग मिळेल.

तुझी,
बेबी

ता. क. वायगावची हळद दोन किलो काढून ठेव. तिच्यासाठी काटा लागत नाही.